यशवंत सागरचा पक्षी-दिवस: तलावकाठ, बेटं आणि नावेवरून झालेली कुरबुर

माळवी_मालवणी_नव्हे (राजेंद्र नगर, इंदूर)

गेल्या रविवारी यशवंत सागरला पक्षी बघायला गेलो होतो. इथल्या काही जणांनी वृत्तांत मागितला होता. शिवाय आमच्या गटातल्या मंडळींची कुरबुर अजून व्हॉट्सॲपवर चालूच आहे, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते. लांबलंय. चहा घेऊन बसा.

इंदूरबाहेरच्यांसाठी थोडक्यात: यशवंत सागर हा होळकरांच्या काळात गंभीर नदीवर बांधलेला जलाशय. एरोड्रम रोडने गांधीनगर, हातोद करत देपालपूरच्या दिशेने निघालं की लागतो. २०२२ मध्ये आपल्या सिरपूर तलावाबरोबर यालाही रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. सिरपूर १६१ हेक्टर, हा जवळपास ८२३, म्हणजे पाचपट. भोवती शेती, पाणी बरंचसं उथळ, काठाला बोरू आणि पाणकणसाची दाटी. पावसाळा सरला की पाणी उतरायला लागतं आणि मधले उंचवटे उघडे पडतात. तीच ती बेटं. सहलीच्या जाहिरातीत 'तलावकाठ आणि बेटांवरचे पक्षी, मार्गदर्शकासह' असं लिहिलं होतं, आणि पुढचं सगळं महाभारत तिथूनच सुरू झालं.

कारण बेटं म्हटल्यावर प्रत्येकाने मनातल्या मनात नाव धरलीच होती. एका काकूंनी नातवासाठी फुगवायची ट्यूब आणली होती. एक जण तर बॅगेतून जीवरक्षक जाकीट काढून दाखवत होता.

पहाटे साडेपाचला बडा गणपतीपाशी जमलो. माणशी साडेचारशे रुपये, गाडी आणि नाश्ता धरून. नाश्ता मात्र परतीला. आमचे मार्गदर्शक पूर्वी शाळेत जीवशास्त्र शिकवायचे, त्यामुळे शिस्त कडक: "पक्षी पोह्यांसाठी थांबत नाहीत, पोहे पक्ष्यांसाठी थांबतात." इंदुरी माणसाला पोह्यांशिवाय सूर्योदयाला तलावावर उभं करणं ही काय चीज आहे, ते इंदुरी माणसालाच कळेल.

पहिला थांबा बोरूच्या बाजूला. धुकं होतं, त्यामुळे आधी नुसते आवाज. वारकऱ्यांची (दिंडीतले नव्हे, पाण्यावरचे काळे पक्षी) भांडणं, टिबुकलीची खिंकाळी, मधेच टिटवीचा ओरडा. सरांनी कुणालाच दुर्बीण लावू दिली नाही. "आधी ऐका, किती प्रकारचे आवाज आहेत ते बोटांवर मोजा." हे मला फार आवडलं. धुकं विरल्यावर अगदी समोर जांभळी पाणकोंबडी. तिने बोरूचा एक कोंब चोचीने उपटला, मग तो पायाच्या लांब बोटांत धरला आणि आपण ऊस सोलतो तशी वरची सालं काढून आतला पांढरा गाभा खाल्ला. एक संपला की दुसरा. आम्ही पंधरा माणसं तिच्याकडे बघतोय याचं तिला काहीही नव्हतं.

त्याच काठाला थापट्यांचा एक थवा गोल गोल फिरत होता. यांची चोच पुढे चमच्यासारखी रुंद आणि कडांना बारीक दाते असतात. सगळे मिळून गोल फिरले की पाणी ढवळून तळातलं बारीकसारीक खाद्य वर येतं आणि ते चोचीतून गाळून घेतात. शेजारी तलवार बदकं, शेपूट आकाशाकडे आणि डोकं पाण्यात. एकाच पाण्यात दोघांचं जेवण वेगळं. हे दुर्बिणीतून दहा मिनिटं बघितलं की नुसती नावं पाठ करण्यापेक्षा जास्त डोक्यात राहतं.

मग सारस. काठापलीकडच्या गव्हाच्या शेतात जोडी. उभा सारस जवळजवळ माणसाएवढा, उडू शकणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यात उंच. आधी दोघं शांतपणे चरत होते. मग एकदम माना वर, चोची आकाशाकडे आणि सुरू. नराच्या एका हाकेला मादीच्या दोन, इतक्या बेमालूम की डोळे मिटले तर एकच पक्षी ओरडतोय असं वाटावं. नर-मादी दिसायला सारखेच, पण ओरडताना ओळखता येतात: हाक देताना पंख उचलून धरतो तो नर. मध्य भारतात सारसासाठी यशवंत सागर महत्त्वाचा मानतात. महाराष्ट्रात मात्र गोंदिया-भंडाऱ्याकडे गेल्याशिवाय दर्शन कठीण.

तिसरा थांबा बेटांसमोरच्या चढावर. सरांनी तिकाटण्यावर स्कोप, म्हणजे लांबचं बघायची एका डोळ्याची मोठी दुर्बीण, लावला आणि रांग लागली. बेट म्हणजे चिखलमातीचा लांबट पट्टा, झाड नाही, झुडूप नाही. पण त्यावर पट्टकादंब हंस! पांढरं डोकं, मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात; उपग्रहाचे टॅग लावलेल्या हंसांची सात हजार मीटरच्या वरची नोंद आहे. त्यांच्या कडेला चक्रवाकांच्या जोड्या, उथळात चित्रबलाक, आणि काठाकाठाने शेकाट्यांची लगबग.

इथे कुणीतरी विचारलंच. "सर, नाव कधी येणार?"

"नाव नाही."

"मग बेटं?"

"बेटं ही काय समोर. इथून बेटावरचे पक्षी दिसतात. तिथे गेलात तर नुसतं बेट दिसेल."

थोडी शांतता, थोडी नाराजी. तेवढ्यात खरोखरच एक मासेमारीची नाव जाळी ओढायला त्या बाजूला गेली. बेटापासून बरीच लांब होती, तरी हंसांनी माना ताठ केल्या, मग सगळा थवा उठला. दृश्य जबरदस्त, कॅमेऱ्यांचा कडकडाट. सरांनी घड्याळ बघायला सांगितलं. घिरट्या घालून, दोनदा उतरायचा बेत रद्द करून, शेवटचा हंस परत टेकेपर्यंत वीस मिनिटं गेली. चक्रवाक परत आलेच नाहीत.

सरांचं म्हणणं असं की, यातले बरेचसे पक्षी रात्री आणि संध्याकाळी शेतांत चरतात. दिवस त्यांचा विश्रांतीचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये परतीच्या उड्डाणाआधी अंगावर चरबी साठवायची असते. तेव्हा दिवसातून चार वेळा उठवलं तर जमवलेलं तिथेच खर्च होतं. मला पटलं. गटातल्या निम्म्यांना नाही पटलं. त्यांचं म्हणणं, जाहिरातीत स्पष्ट लिहायला हवं होतं. तेही मला पटलं.

परतीला हातोदमध्ये पोहे-जिलबी आणि एका काकांच्या आग्रहाने गराडू, म्हणजे तळलेला कंद. वरचा जीरावन मसाला जरा जास्तच होता.

---

टेलीलेन्स_भिया (सुदामा नगर)

मी त्या नाराज निम्म्यांतला. ताई, वृत्तांत झकास, पण माझी बाजूपण ऐका. मी चारशे मिमीची लेन्स पाठीवर घेऊन गेलो. बेट एवढ्या लांब की फोटोत हंस म्हणजे ठिपके. वर सर म्हणतात स्कोपमधून बघा. स्कोपमधून बघायचं तर घरी टीव्हीवर काय वाईट? नाव थोडी पुढे नेऊन, इंजिन बंद करून थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? आणि नावाड्याला चार पैसे मिळाले असते ते वेगळं.

---

सुगरण_पुणे

आमच्या भिगवणला तर नावेशिवाय पानही हलत नाही. उजनीच्या पाण्यात कुंभारगावहून नाव करायची आणि रोहित पक्ष्यांपर्यंत जायचं. तिथल्या मच्छीमारांची थंडीतली बरीचशी कमाई त्यावरच. त्यामुळे 'नाव म्हणजे पाप' असं सरसकट म्हणू नये.

हां, पण हेही सांगते, तिथले जुने नावाडी शहाणे आहेत. रोहितांनी मान वर केली की वल्हं थांबवतात. नवीन पोरं पर्यटकांच्या दबावाखाली थवा उडवून देतात, कारण उडतानाचा गुलाबी पंख फोटोत हवा असतो. थवा उडाला की मागच्या नावेला काहीच मिळत नाही.

---

माळवी_मालवणी_नव्हे

@सुगरण_पुणे, तुमचा मुद्दा बरोबर. फरक मला असा दिसतो की भिगवणचं पाणी प्रचंड, एका जागेहून उठलेला थवा दुसरीकडे बसू शकतो. इथे बेटं दोन-चार, आणि त्यातलं सोयीचं एखादंच.

@टेलीलेन्स_भिया, दादा, तुम्ही टीव्ही म्हणता, पण स्कोपला डोळा लावून "अरे याचे पाय केशरी आहेत" असं सगळ्यात मोठ्याने तुम्हीच ओरडला होतात. मी शेजारीच उभी होते. :)

---

टेलीलेन्स_भिया

केशरी होतेच. पण फोटोत नाही आले ना.

---

नवखा_दुर्बीणवाला (विजय नगर)

धागा वाचून दुर्बीण घ्यावीशी वाटते आहे. दुकानदार १०×५० घ्या म्हणतो, "जास्त झूम". ऑनलाइन छोट्या खिशात मावणाऱ्याही दिसतात. काय घेऊ? बजेट फार नाही.

---

स्कोपवाले_काका

८×४२ घ्या आणि डोळे मिटून घ्या. म्हणजे घेताना मिटा, नंतर उघडा.

पहिला आकडा किती पट मोठं दिसणार तो, दुसरा पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा: ४२ भागिले ८, म्हणजे सव्वापाच. डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची ही रुंदी. पहाटे-संध्याकाळी आपली बाहुली मोठी होते, तेव्हा ही रुंदी कामाला येते. खिशातली ८×२१ घेतली तर झोत अडीच मिमीच्या आसपास. भर दुपारी चालेल, धुक्यात अंधार दिसेल. १०×५० चा झोत पाचचा, म्हणजे प्रकाश चांगला, पण वजनदार. शिवाय दहापटीत हाताचा कंपही दहापट. अर्ध्या तासात मान दुखते आणि दुर्बीण पिशवीत जाते.

चष्मा असेल तर डोळ्याकडची वाटी खाली फिरवता येते का ते बघा. आणि दुकानात भिंतीवरची पाटी वाचू नका. बाहेर येऊन तारेवरचा कोतवाल बघा. काळ्या पक्ष्याच्या कडेला जांभळी-हिरवी झालर दिसली तर ती दुर्बीण ठेवून द्या.

स्कोप इतक्यात घेऊ नका. तो गटात एक असला की पुरे.

---

दोन_पोरांची_आई

सगळं ठीक, पण जे कुणी लिहीत नाही ते विचारते. बायकांसाठी सोय काय? सकाळी साडेपाच ते दुपार म्हणजे थोडाथोडका वेळ नाही. आणि मुलांना नेण्यासारखं आहे का?

---

माळवी_मालवणी_नव्हे

बरं झालं विचारलंत. काठावर काहीही नाही. हातोदमध्ये पेट्रोल पंपावर थांबलो होतो, जाताना आणि येताना. मधल्या वेळात पाणी बेताने प्यायचं, दुसरा इलाज नाही. पुढच्या वेळी मधली एक फेरी गाडीने हातोदपर्यंत ठेवा असं मी आयोजकांना ठासून सांगितलंय.

मुलं आठ-नऊ वर्षांपुढची असतील तर जरूर न्या. त्याहून लहान असतील तर आधी सिरपूर. घरापासून जवळ, पायवाट आहे, कंटाळली की रिक्षाने परत. आमच्या गटातला तो ट्यूबवाला नातू मात्र सगळ्यांत हुशार निघाला. भोवत्या हा शिकारी पक्षी वारकऱ्यांवर घिरट्या घालत होता तेव्हा सगळे वारकरी धावत एकत्र येऊन काळा गोळा झाले. ते पहिल्यांदा त्यानेच दाखवलं: "आजी, ते बघ, घाबरून शाळेची रांग केली."

---

रामबागेतले_आजोबा

यशवंत सागरचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमच्या तरुणपणी या शहराची तहान बरीचशी त्याच तलावावर भागायची. उन्हाळ्यात घरात पहिला प्रश्न 'सागरात पाणी किती?' नर्मदेचं पाणी जलूदहून चढवून इंदुरात आलं १९७८ मध्ये. ते आलं म्हणून तलावावरचा ताण हलका झाला. नाहीतर मे महिन्यापर्यंत तुमच्या हंसांच्या बेटांवर बैलगाड्या फिरल्या असत्या.

पक्षी तेव्हाही यायचे. पण आम्ही त्यांना बघायला नव्हे, बंदुकवाल्यांच्या मागे काडतुसांची नळकांडी गोळा करायला जायचो. बदकांची शिकार हा तेव्हा मोठ्या लोकांचा रविवार होता. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते बंद पडत गेलं. तेव्हा नाव मिळाली नाही म्हणून रुसणारी पिढी मला तरी प्रगती वाटते.

---

टेलीलेन्स_भिया

आजोबा, दंडवत. पण रुसलो नाही हां, नाराज आहे.

---

मांडवी_बडोदा

इंदूरकरांना रामसरचा फार अभिमान दिसतोय, म्हणून बडोद्याची हजेरी लावतो. डभोईजवळचा आमचा वढवाणा तलाव २०२१ मध्येच रामसर झाला, तुमच्या एक वर्ष आधी. बडोदा संस्थानाने १९१० मध्ये सिंचनासाठी बांधलेला. थंडीत मोठी लालसरी नेमाने येते. नराचं केशरी डोकं आणि लाल चोच लांबूनही चुकत नाही. जानेवारीत एकदा या, डभोईची हिरा भागोळही बघून होईल.

---

लष्कर_ग्वाल्हेर

होळकर झाले, गायकवाड झाले, मग शिंद्यांनी का मागे राहायचं? शिवपुरीचा सख्यासागर, १९१८ चा, माधव राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, तोही २०२२ मध्ये रामसर. आणि आमच्याकडे मगरी आहेत. नावेचा हट्ट धरणाऱ्यांना तिथे जरूर पाठवा.

---

सुगरण_पुणे

तीन संस्थानांची पाण्याची भांडणं वाचून मजा आली. एक मात्र खरं, शेतीसाठी नाहीतर नळासाठी बांधलेल्या तलावांवरच आपण सगळे पक्षी बघत फिरतोय. भिगवणही धरणाचंच पाणी.

---

गंभीरकाठ (हातोदजवळचा, सध्या इंदुरात नोकरी)

इथे फक्त वाचत असतो, पण हा आमच्या गावचा विषय आहे म्हणून लिहितोय. मराठी थोडी हिंदी वळणाची आहे, समजून घ्या.

नावेचं थंडीत तुम्ही बोलताय. खरी गडबड उन्हाळ्यात आहे. एप्रिल-मेमध्ये याच बेटांवर नदी सुरय आणि टिटव्या अंडी घालतात. घरटं म्हणजे काही नाही, मातीत नुसता खळगा. अंडी मातीच्या रंगाची, वर ठिपके. उभं राहून खाली बघितलं तरी पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. दुपारी पक्षी उठला तर अंडं उन्हात शिजतं. टिटवी तर पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि अंड्यांवर बसते, गारवा राहावा म्हणून. मी लहानपणी गुरांमागे जायचो तेव्हा बघितलंय.

आणि पाणी उतरत गेलं की बेट काठाला जोडलं जातं. मग कुत्री चालत जातात. तिथे तुमच्या नावेचा दोष नाही, पण माणसांनी टाकलेल्या खाण्यामागे कुत्री येतात हे खरं आहे. पिकनिकवाल्यांचे द्रोण आम्ही उचलतो.

दुसरं सारसाबद्दल. ताईंनी गव्हात बघितली ती जोडी. गव्हाचं नुकसान होत नाही असं नाही. हंस तर हरभऱ्याचे शेंडे साफ करतात, रात्रीत एक कोपरा जातो. पण सारसाला आमच्याकडे कुणी हाकलत नाही. पावसाळ्यात ते पाणथळ कोपऱ्यात गवत-बोरूचा ढीग करून घरटं करतात, बहुतेक दोन अंडी, महिनाभर आळीपाळीने बसतात. आमच्या काकांनी एका वर्षी सोयाबीनमधला पाणी साचलेला तुकडा तसाच सोडला होता. काकू म्हणाली, "सारस उठवला तर पाप लागतं." काका म्हणाले, "तिथे तसंही सोयाबीन सडणारच होतं." दोघांचंही खरं होतं.

बाहेरून येणाऱ्या सहलींबद्दल गावात राग नाही. पण गाडी मेढीच्या, म्हणजे बांधाच्या, वाटेवर लावतात आणि ट्रॅक्टर अडतो, ते मात्र सांगा तुमच्या सरांना.

---

माळवी_मालवणी_नव्हे

@गंभीरकाठ, तुम्ही लिहिलंत म्हणून या धाग्याला वजन आलं. गाडीचं आजच सांगते. तुमची मराठी छान आहे, आमच्या सुदामा नगरातल्या पोरांपेक्षा पुष्कळ चांगली.

---

स्कोपवाले_काका

गंभीरकाठ यांना जोडून. नदी सुरयाचा आता जगभरच्या धोक्यातल्या पक्ष्यांत समावेश आहे, आणि कारणं नेमकी हीच: अंडी घालायच्या बेटांवर कुत्री, गुरं, माणसं, आणि धरणाचं पाणी अवेळी वरखाली होणं. त्यामुळे थंडीत नाव न्यावी की नाही यावर दोन मतं असू शकतील. एप्रिल ते जून बेटावर पाऊल नको, यावर दुसरं मत मला तरी ऐकायचं नाही.

थंडीतल्या नावेबद्दल माझं मत: वल्ह्याची, एकच, पक्षी बेटावर नसून खुल्या पाण्यावर असतील तेव्हा, आणि मान वर झाली की माघार. पण ही अट पाळणारा नावाडी हवा आणि ती मानणारे प्रवासी हवेत. दुसरं मिळणं जास्त अवघड.

---

नवखा_दुर्बीणवाला

८×४२ घेतली. काल सिरपूरला गेलो. एक तपकिरी बदक दिसलं, नुसतं तपकिरी. पुस्तकात सगळ्याच माद्या तपकिरी आहेत! कसं ओळखायचं? पंख फडफडवले तेव्हा मागच्या बाजूला पांढरा चौकोन दिसला.

---

स्कोपवाले_काका

पांढरा चौकोन बघितलात, बाजी मारलीत. ती बहुधा गडवालची मादी. चोचीच्या कडा नारिंगी होत्या का? असतील तर नक्कीच. माद्यांचा रंग विसरा; चोच आणि पंखावरचा तुकडा बघा. चोच अवाढव्य असेल तर थापट्या, मान-शेपूट लांब आणि चोच करडी असेल तर तलवार, चेहऱ्यावर काळ्या-पांढऱ्या रेघा असतील तर भिवई. ऑक्टोबरमध्ये तर नरही माद्यांसारखेच मळकट असतात, तेव्हा आम्हीही डोकं खाजवतो. डिसेंबरनंतर नर नटून बसतात, म्हणून नवख्यांनी आत्ताच शिकावं.

---

दोन_पोरांची_आई

आम्हीही सिरपूरला जाऊन आलो. पोरांना कमळपक्षी दिसला, पानांवरून चालणारा. बोटं इतकी लांब कशाला, हे धाकट्याने स्वतःच सांगितलं: "पान बुडू नये म्हणून." एक प्रश्न, सिरपूर इतकं नीट कुणी ठेवलं? लहानपणी आम्ही तिकडून नाक दाबून जायचो.

---

रामबागेतले_आजोबा

भालू मोंढे आणि त्यांच्याबरोबरच्या स्वयंसेवकांनी. चित्रकार माणूस, कॅमेरा घेऊन पक्षी बघायला जायचा आणि तलावावरची अतिक्रमणं, विषारी मासेमारी बघून तिथेच अडकला. वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. २ फेब्रुवारी २०२४ ला जागतिक पाणथळ दिनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सिरपूरलाच झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये इंदूर नि उदयपूर ही रामसरची मान्यता मिळालेली देशातली पहिली दोन पाणथळ-शहरं ठरली. स्वच्छतेच्या नंबराचे फलक चौकाचौकांत लागतात, याचा फलक मला अजून दिसायचाय.

---

टेलीलेन्स_भिया

बरं. सगळ्यांचं वाचून माझी नाराजी अर्ध्यावर आली आहे. उरलेली अर्धी जाहिरातीच्या भाषेवर, ती राहणार. आयोजकांनी 'बेटं काठावरून दिसतील, नाव नाही' असं छापावं, आम्ही तरीही येऊ.

@गंभीरकाठ, दादा, पावसाळ्यात आलो तर सारसाचं घरटं दाखवाल का?

---

गंभीरकाठ

घरटं नाही दाखवणार. घरट्याजवळ माणूस उभा राहिला की सारस उठतो, आणि कावळा वरून बघतच असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये या, पिल्लू मोठं होऊन आईबापांमागे शेतात फिरायला लागतं. तेव्हा आमच्या बांधावरून खुशाल बघा. घरी जेवायला या, दाल-बाफले करू.

---

टेलीलेन्स_भिया

पक्कं. किती मिमीची लेन्स आणू?

---

गंभीरकाठ

लेन्सचं मला नाही माहीत. गमबूट आणा, आमची काळी माती बूट ठेवून घेते.

---

माळवी_मालवणी_नव्हे

सूचना: आशियाई पाणपक्षी गणना दर जानेवारीत असते, १९८७ पासून. यंदा आमचा गटही यशवंत सागरला मदतीला जाणार आहे. मोजणी येत नसली तरी चालेल, लिहून घेणारेही लागतात. ज्यांना यायचंय त्यांनी खाली कळवा, आणि दोन गाड्यांत बसू एवढेच या. नाश्ता या वेळी आधी आहे, सरांना आम्ही बहुमताने हरवलंय.

---

दोन_पोरांची_आई

मी आणि थोरला. हातोदची मधली फेरी नक्की ना?

---

माळवी_मालवणी_नव्हे

नक्की. साडेनऊला.

---

नवखा_दुर्बीणवाला

मी पण. लिहून घ्यायचं काम द्या, तपकिरी बदकं मोजायला सांगू नका.